गाळलेला शोकप्रस्ताव

लिफ्टने एक हिसका दिला, खाली जाता जाता क्षणभर वर गेल्यासारखं केलं आणि थांबली. दिवा राहिला, पंखा गेला. माझ्या एका हातात घटनासभेच्या कामकाजाचा सातवा खंड, दुसऱ्या हातात पर्स, आणि घड्याळात दहाला दहा मिनिटं कमी. ग्रंथालय चौथ्या मजल्यावर, कोर्ट पहिल्या मजल्यावर आणि मी दोहोंच्या मध्ये कुठेतरी. अकरा वाजता सात न्यायाधीशांसमोर उभं राहायचं होतं. मी घंटी दाबली. ती वाजली की नाही कळलं नाही, पण थोड्या वेळाने वरून लिफ्टमनचा आवाज आला, कोण आहे आत. मी म्हटलं, मी. मी कोण, असं त्याने विचारलं. सहासष्टाव्या वर्षी, चार पुस्तकं आणि एकतीस वर्षांची प्राध्यापकी झाल्यावर या प्रश्नाला काहीतरी भारदस्त उत्तर सुचायला हवं होतं. मी म्हटलं, लायब्ररीतून खाली निघालेली बाई. तो म्हणाला, घाबरू नका बाई, माणूस बोलावलाय, पाच मिनिटं. त्याच्या त्या पाच मिनिटांत एक मुरलेला खोटेपणा होता, माझ्या विद्यार्थ्यांच्या ‘उद्या नक्की देतो’मध्ये असायचा तसा. मी खंड जमिनीवर ठेवला, त्याच्यावर पर्स ठेवली, मग पुस्तकावर पर्स ठेवल्याबद्दल स्वतःवरच चिडून पर्स खाली आणि खंड वर असं केलं, आणि कोर्टासाठी इस्त्री केलेल्या कपड्यांची पर्वा न करता कोपऱ्यात फतकल मारून बसले.

घाबरायचं कारणच नव्हतं. मी सकाळपासून खुशीत होते. नवरा भूलतज्ज्ञ होता, आता निवृत्त आहे. चहाचा कप पुढे करताना तो म्हणाला होता, जा, झोपव सातही जणांना, आपला दोघांचा धंदा एकच, फक्त मला सुई लागायची. मी हसले नाही, पण जिना उतरताना एकटीच हसले. खाली जो खटला उभा होता तो एका वेल्डरचा. आठ महिन्यांपूर्वी त्याला कारखान्याच्या दारातून उचललं, एका खास कायद्याखाली डांबलं, आणि का डांबलं ते आजपर्यंत सांगितलेलं नाही. कारण गुप्त आहे, एवढंच कारण दिलं. आपल्या घटनेतलं सदतिसावं कलम असं डांबायला सरकारला मुभा देतं, आणि कारण सांगितलं पाहिजे असं त्या कलमात कुठेही लिहिलेलं नाही. तरीही गेली सत्तावीस वर्षं कोर्टं सरकारला कारण सांगायला लावत आली, ती माझ्यामुळे. हे वाक्य मी चारचौघांत बोलत नाही, पण बंद लिफ्टमध्ये बोलायला हरकत नसावी. ते कलम घटनासभेत मांडलं होतं एका सभासदाने, पेशाने डॉक्टर. त्यांच्या समोरच्या बाकावर बसणारे एक म्हातारे शाळामास्तर उठून म्हणाले होते की माणसाला कारण न सांगता आत टाकणार असाल तर मी या कलमाला मत देणार नाही. आणि डॉक्टर उत्तरले होते, “कारण न सांगता कोणालाही आत ठेवलं जाणार नाही, हा माझा या सभागृहाला शब्द आहे.” या एका वाक्यावर मी माझं पहिलं पुस्तक उभं केलं. ज्या शब्दाच्या भरवशावर सभागृहाने मतदान केलं तो शब्द कलमाचाच भाग मानला पाहिजे, असा तो सिद्धांत. चार निकालांनी तो उचलून धरला. पुस्तकातल्या काही पानांवर वर दोन ओळी आणि खाली सगळ्या टिपाच असल्यामुळे विद्यार्थी मला तळटीपबाई म्हणू लागले, आणि पुढे त्यांचीच मुलं वर्गात येऊन तेच म्हणू लागली. आता सरकारचं म्हणणं होतं की हा सिद्धांतच मोडीत काढा, म्हणून सात जणांचं पीठ बसलं होतं. कोर्टाने मला न्यायमित्र म्हणून बोलावलं होतं. न्यायमित्र म्हणजे ना या बाजूचा ना त्या बाजूचा, कोर्टाला जे खरं ते सांगायला उभा केलेला माणूस. वेल्डरच्या बाजूने लंबू लढत होता, माझा जुना विद्यार्थी, दारातून वाकून आत येणारा. आणि डॉक्टरांचं ते वाक्य छापील खंडात दाखवता यावं म्हणून सातवा खंड मी स्वतः ग्रंथालयातून घेऊन निघाले होते.

पाच मिनिटांची पंधरा झाली. वरून लोखंडावर लोखंड आपटल्याचे आवाज येत होते, मधेच कोणीतरी कोणाला तरी चावीवरून फैलावर घेत होतं. मी खंड मांडीवर घेतला. चिठ्ठी घातलेलं पान उघडण्यात अर्थ नव्हता, ते मला पाठ आहे, त्यावरचा शाईचा डागसुद्धा पाठ आहे. हात रिकामे म्हणून मी पुढची पानं उलटू लागले. बंदरांचे कर. सभासदांचे रजेचे अर्ज. मग पान चारशे अकरा, आणि वर ठळक अक्षरात ‘शोकप्रस्ताव’. शाळामास्तर वारले होते. माझे शाळामास्तर, माझ्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातले, प्रश्न विचारल्यानंतर चौथ्या दिवशी भाड्याच्या खोलीत वारले होते. मला हे ठाऊक नव्हतं याचं आधी वाईट वाटलं. एका माणसाचं एक वाक्य आपण आयुष्यभर वापरतो आणि तो कधी गेला ते विचारतसुद्धा नाही. अध्यक्ष बोलले, मग आणखी तिघं बोलले, मास्तर किती सालस होते, खडू कसा जपून वापरायचे वगैरे. शेवटी डॉक्टर उठले. त्यांचं भाषण अर्ध्या पानाचं आहे.

“माझा मित्र गेला,” डॉक्टर म्हणाले होते. “चार दिवसांपूर्वी मी त्याला या सभागृहात एक शब्द दिला. तेव्हा तो तापाने फणफणला होता आणि त्याला औषध मीच देत होतो. त्याचे किती दिवस उरलेत हे मला माहीत होतं. रुग्णाला धीर देतात तसा मी त्याला धीर दिला. पण सभागृह माझा रुग्ण नाही. माझ्या कलमात तसं लिहिलेलं नाही, आणि जे लिहिलेलं नाही त्याचा शब्द देण्याचा मला अधिकार नव्हता. तो शब्द मी आज परत घेतो. ज्यांना ती हमी हवी असेल त्यांनी ती कलमातून काढून दाखवावी, माझ्या तोंडातून नव्हे.” पुढे कंसात छापलं होतं की सभासद दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले आणि त्या दिवसाचं कामकाज संपलं. कलमावरचं शेवटचं मतदान त्यानंतर तिसऱ्या दिवशी झालं. म्हणजे सभागृहाने मत दिलं तेव्हा त्याच्या हातात कोणाचाही शब्द नव्हता.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते, कारण ते फारसं शोभणारं नाही. मला आनंद झाला. पायाखालची वाळू सरकली वगैरे नंतर, दोन-तीन मिनिटांनी. आधी कानशिलं गरम झाली, छातीत धडधडायला लागलं आणि मी त्या लोखंडी डब्यात एकटीच मोठ्याने म्हणाले, अरे वा. वरून लिफ्टमन म्हणाला, काय झालं बाई. मी म्हटलं, काही नाही, चालू द्या. ते भाषण मी चार वेळा वाचलं. इतकी वर्षं डॉक्टर माझ्यासाठी एक वाक्य होते, टिपेत बसवलेलं, आणि आता ते खोकत, घसा खाकरत, मेलेल्या मित्राच्या रिकाम्या बाकाकडे न बघता उभे होते. मला ते कधी इतके आवडले नव्हते. त्याच वेळी त्यांनी माझं पुस्तक, माझे चार निकाल, माझी खुर्ची, सगळं अर्ध्या पानात धुऊन टाकलं होतं, आणि हे मला पक्कं कळत होतं, आणि तरीही ओठ आवरत नव्हते. चोविसाव्या वर्षी असं व्हायचं. तेव्हा मी मला कायदा शिकवणाऱ्या सरांच्या घरातल्या मागच्या खोलीत बसून या सातही खंडांची विषयसूची करत होते. चौदा महिने, बिस्किटांच्या डब्यांतून रचलेली अकरा हजार कार्डं. हीच ती सूची जी आजही सगळे वापरतात, कारण सात हजार पानं कोणी सलग वाचत नाही. ज्याला जे हवं ते सूचीत बघायचं आणि थेट त्या पानावर जायचं. अधूनमधून एखादं रत्न सापडलं की मी सरांकडे धावत जायचे आणि सर वर न बघता विचारायचे, कार्ड केलंस का. सरांचा नियम होता की रजेचे अर्ज, आसनव्यवस्था आणि शोकप्रस्ताव सूचीत घ्यायचे नाहीत. माणूस मेला की सगळे गोड बोलतात, त्यात कायदा नसतो, असं ते म्हणायचे. मला पटलं होतं. कार्डं वाचली, वेळ वाचला. म्हणजे हे चारशे अकरावं पान माझ्या हाताखालून गेलेलं होतं. मी वरचं शीर्षक वाचलं असणार, आणि ओल्या बोटाने पान उलटलं असणार, आणि तेव्हापासून बेचाळीस वर्षं, माझ्या सूचीवर विसंबून, एकानेही ते वाचलेलं नव्हतं. सरकारी वकिलांनीसुद्धा नाही. बिचारे पोटतिडकीने माझ्याशी भांडत होते आणि दर वेळी माझ्याच सूचीतून पुरावे शोधत होते. सर गेले तेव्हा शोकसभेत मी वीस मिनिटं बोलले होते. त्यात कायदा नव्हता हे खरं, पण सत्यही फारसं नव्हतं.

मग वेल्डरची बायको आठवली. सकाळी ती कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसलेली दिसली होती. लंबूने ओळख करून दिली, या त्या पुस्तकवाल्या बाई. ती उठून उभी राहिली. एका कपड्यांच्या कारखान्यात ती काजं करते, आणि रजा मिळत नाही म्हणून पुढच्या चार रविवारांचं काम आधीच करून देऊन आली होती. मला म्हणाली, तुमच्या पुस्तकावर सगळं आहे म्हणतात. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. का ठेवला, कोण जाणे. लोक असं करतात म्हणून. आता मांडीवर उघडं पान घेऊन मी हिशोब मांडत होते, की हे सांगितलं तर सिद्धांत गेला, सिद्धांत गेला तर वेल्डर आतच राहणार. नाही सांगितलं तर कोणालाही कळणार नाही. खंड परत चौथ्या मजल्यावर जाईल आणि आणखी बेचाळीस वर्षं धूळ खाईल. हा मोह अगदी साधा होता, समोर वाढून ठेवलेला होता, आणि मी त्याच्याकडे बराच वेळ बघत होते. पण खरं सांगायचं तर त्याने मला फारसं छळलं नाही. छळलं ते दुसऱ्याच गोष्टीने. मला हे कोणाला तरी सांगायचं होतं, आत्ता, ताबडतोब, आणि ही घाई प्रामाणिकपणाची होती की नुसती सापडल्याची, हे मला वेगळं करता येत नव्हतं.

दहा पस्तीसला लिफ्टचा दरवाजा अर्धा उघडला. मजला माझ्या कमरेएवढा वर होता. लिफ्टमनने एक स्टूल खाली सोडलं, मी आधी खंड वर दिला, मग पर्स, मग स्वतःला. तो म्हणाला, बाई, तुम्ही तर लग्नाहून आल्यासारख्या दिसताय, लोक रडत बाहेर येतात. मी जिन्याने जवळजवळ धावत खाली गेले. लंबू कोर्टाच्या दारात घड्याळ बघत उभा होता. मी त्याला कोपऱ्यात ओढून पान दाखवलं. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो शहाणा मुलगा आहे, समजवावं लागलं नाही. आधी त्याने आवाज खाली आणून मला समजावायचा प्रयत्न केला, की आज फक्त लेखी म्हणणं वाचा, हे पुढे एखाद्या लेखात येऊ द्या, विद्वानांत चर्चा होऊ द्या. मग तो चिडला. मी त्याला कायद्याच्या पहिल्या वर्षापासून ओळखते, तो माझ्यावर कधी चिडला नव्हता.

“बाई, हे पान बेचाळीस वर्षं कोणी वाचलेलं नाही,” तो म्हणाला.

“मी वाचलंय, लंबू.”

“माझा माणूस आत सडतोय. तुमच्या एका पानासाठी त्याने किती दिवस आत राहायचं?”

न्यायमित्राने कोर्टापासून लपवायचं नसतं वगैरे मी काहीतरी बोलले, पण ते पुस्तकातलं होतं आणि आम्हा दोघांनाही ते कळलं. त्याने खंड मिटून माझ्या हातात दिला, वाकला आणि दारातून आत गेला.

सात खुर्च्या, सात चष्मे, वर हळू फिरणारे पंखे. माझी पाळी आली तेव्हा मी लेखी म्हणणं बाजूला ठेवलं आणि पान चारशे अकरा वाचून दाखवलं, सगळं, दोन मिनिटांच्या स्तब्धतेसकट. मग म्हणाले की माझ्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण चुकीचं आहे, ही चूक माझ्या सूचीची आहे, आणि ज्या चार निकालांनी माझ्यावर भरवसा ठेवला त्यांची मी माफी मागते. टंकलेखनिकेने यंत्रावरचे हात उचलले. सरकारी वकील अर्धे उठले आणि पुन्हा बसले. विजय असा आयता हातात पडला की माणूस गोंधळतो. मधल्या खुर्चीतल्या न्यायाधीशांनी चष्मा काढला. ते म्हणाले, “डॉक्टरांचा शब्द गेला. मग आता या कलमाचा अर्थ काय, हे तुम्ही आम्हाला सांगा.”

मी घटनेची छोटी प्रत उघडली. सदतिसावं कलम, तीन ओळी. गेली सत्तावीस वर्षं मी ते वाचलेलंच नव्हतं. मी डॉक्टरांकडे बघत होते, कलमाकडे नाही. सरकारला डांबता येईल, ही पहिली ओळ. एका वर्षाच्या आत तपासणी मंडळापुढे प्रकरण जाईल, ही दुसरी. आणि तिसरी, की डांबलेल्या माणसाला त्या मंडळापुढे आपलं म्हणणं मांडण्याची संधी मिळेल. ही ओळ मी नेहमी शेपटासारखी सोडून द्यायचे. आता तिच्यावर बोट ठेवलं आणि एकदम नाकात फरशी पुसायच्या औषधाचा वास आला. शाळेचा व्हरांडा. मी नऊ वर्षांची, मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर दोन तास उभी, कशासाठी ते कोणी सांगितलेलं नाही. मग आत बोलावून त्या विचारतात, बोल, तुझं काय म्हणणं आहे. आणि मी उभी. माझं म्हणणं काय असणार. मी मनातल्या मनात आठवडाभरातले सगळे गुन्हे चाळतेय, फोडलेली कुंडी, मैत्रिणीची पेन्सिल, नेमका कोणता कबूल करू, आणि तोंडातून शब्द फुटत नाही, आणि त्या म्हणतात, बघा, हिला काही म्हणायचंच नाही.

कोर्टाला मी ही गोष्ट सांगितली नाही. मी तिसरी ओळ वाचली आणि विचारलं की ज्याला आरोपच माहीत नाही तो म्हणणं कशाबद्दल मांडणार. संधी द्यायची आणि विषय द्यायचा नाही, तर ती संधी कसली. कारण सांगण्याची हमी कोणाच्या शब्दात नाही, ती या ओळीत आहे, आणि ती इथे पहिल्या दिवसापासून होती. मी बोलत सुटले. कुठेही टीप नव्हती, दाखला नव्हता, डॉक्टरांनी टाकलेला डाव मी उचलला होता आणि पाय जमिनीवर टेकत नव्हते. टोकाच्या खुर्चीतल्या न्यायाधीश बाई लिहू लागल्या. सरकारी वकील म्हणाले की हा अर्थ नवा आहे, एकाही निकालात आलेला नाही, आणि ते अगदी बरोबर होतं. मधल्या न्यायाधीशांनी माझ्याकडे, मग लंबूकडे, मग छताकडे बघितलं. नवा मुद्दा आहे, दोन्ही बाजूंनी दीड महिन्यात लेखी म्हणणं द्यावं, त्यानंतर निकाल. तोवर आहे ती स्थिती कायम.

बाहेर आले तेव्हा मी हवेत होते. लंबू मला बघून थांबला, त्याने हातातली प्रत उघडून तिसऱ्या ओळीखाली मारलेली रेघ मला दाखवली आणि निघून गेला. तेवढ्याने माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. डोक्यात वाक्यं धावत होती, नवं पुस्तक, नवं पहिलं प्रकरण, सगळ्या शोकप्रस्तावांची वेगळी सूची, नवऱ्याला कधी एकदा सांगते असं झालं होतं. बाकावर वेल्डरची बायको बसली होती. तिने सरकून जागा केली. आतलं बोलणं तिला कळलं नव्हतं, आणि लंबू तिला म्हणाला होता की बाईंनाच विचार.

तिने विचारलं, सुटला का. मी म्हटलं, अजून नाही, दीड महिना तरी जाईल, त्यानंतर काय होईल ते सांगता येत नाही. ती मान डोलवत ऐकत होती. मी तिला पानाबद्दल सांगितलं, डॉक्टरांबद्दल सांगितलं, माझ्या चुकीबद्दल सांगितलं, जितकं सोपं करता येईल तितकं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

“ते पान तुम्ही दाखवलं नसतं तर?” तिने विचारलं.

खोटं बोलायला ही जागा चांगली होती. “तर बहुतेक आज सुटला असता,” मी म्हणाले.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. रागाने नाही, एखादं काज उसवलेलं दिसावं तसं, बारकाईने.

“बाई,” ती म्हणाली, “तुम्ही हसताय.”

मी हात वर नेऊन चाचपून बघितलं. खरंच हसत होते. मी ओठ मिटले, खाली बघितलं, तिच्या नवऱ्याचा, त्या आठ महिन्यांचा आणि पुढच्या दीड महिन्याचा विचार केला, आणि तरी ते हसू जाईना.